न वळणारा पंखा

नव्या प्रकारच्या बिनपात्याच्या पंख्याचा वारा खोलीतल्या प्रत्येक माणसाला सारखा मिळतो, असं कंपनी सांगत होती. अकोल्याच्या ऐन उन्हाळ्यात खोडकेकाकांनी तक्रार केली, की पंखा वळतच नाही.

दुरुस्तीला आलेली तेजल समोरच्या खुर्चीत बसली. पंख्याचं पोकळ कडं आवाज न करता तिच्याकडे वळलं, मग काकांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"चांगला आहे की, काका. खोलीत एकटंच माणूस असलं तर तो त्याच्यावरच थांबतो. घरी कोणी आलं तेव्हा वळला असेल."

पंखा घेऊन वर्ष झालं होतं.

तेजलने पिशवी उचलली. काका चहा ठेवायला उठले आणि परत बसले.

"चहा नंतर ठेवतो, बेटा. मी आत गेलो, तर हा थांबेल."