मोजून पाच मिनिटं

"पाच मिनिटं," अध्यक्ष म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

वकील उभे राहिले. नागरी हक्क समितीची घटना एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिली होती. आज तिच्यातल्याच नवव्या कलमाखाली त्यांना समितीतून काढायला कार्यकारिणी बसली होती.

"खिसेकापूलासुद्धा आरोपपत्राची प्रत मिळते," ते म्हणाले. "मला काल नुसता फोन आला."

"खिसेकापू खिसा कापतो," चिटणीसबाई म्हणाल्या. "तुम्ही माणसाचा गळा कापलात."

बाई निवृत्त शिक्षिका. वर्गात कधी आवाज चढवला नव्हता, तो आज चढला होता. कारणही तसंच होतं. गोदामाच्या एका रखवालदाराने पोलिसांना एका हमालाला मरेपर्यंत मारताना पाहिलं होतं आणि तो कोर्टात बोलायला तयार होता. सुनावणी गुरुवारी. तोवर त्याला लपवायचं होतं. समितीने त्याला आधी शिंप्याकडे ठेवलं. चौथ्या दिवशी पोलीस दारात. मग छापखानेवाल्याकडे. तिथे तिसऱ्याच दिवशी. दोन्ही वेळा त्याला 'चौकशी' करून सोडलं. दुसऱ्या वेळी उजव्या हाताची तीन बोटं मोडून.

जागा माहीत होती ती या खोलीतल्या पाच जणांना.

"मंगळवारी तुम्ही ठाण्यात साहेबासमोर चहा पीत होतात," बाई म्हणाल्या. "छापखान्यावर धाड पडली बुधवारी."

"जामिनाचे कागद ठाण्यातच मिळतात, बाई. झाडावर पिकत नाहीत."

"आणि चहा?"

"चहाला नाही म्हटलं की कागद सापडत नाहीत त्यांना."

प्राध्यापक खाली मान घालून हसले आणि लगेच गंभीर झाले. ते पहिल्यापासून खालीच बघत होते.

"बरं, इतिवृत्त बंद करा, हे कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं. एकोणीस वर्षांत त्यांनी एकाही सभेचं इतिवृत्त चुकवलं नव्हतं. वही कपाटात, प्रत दाराबाहेरच्या काचेच्या फळ्यावर, आणि तीही सभेच्याच दिवशी. घटनेतच तसं होतं. "'ठाण्यात काय शिजतं ते कुणाला कळत नाही. आपल्याकडे काय चालतं ते रस्त्यावरच्या माणसालाही वाचता आलं पाहिजे.' हे तुमचंच वाक्य ना? मग आताच कसली लाज वाटायला लागली?"

"कुठून तरी बाहेर जातंय," वकील म्हणाले. "कुठून ते मला कळत नाही. म्हणून म्हटलं, थोडे दिवस कागद थांबवा."

"म्हणजे चोर माझी वही?" बाईंनी वही त्यांच्यापुढे आपटली. "दाखवा. एक पत्ता दाखवा. गल्ली दाखवा, घर नंबर दाखवा. त्या रखवालदाराचं नावसुद्धा मी कुठे लिहिलेलं नाही."

वकिलांनी चष्मा चढवला. गेल्या दोन सभांचे ठराव बोट फिरवत वाचले. पत्ता नव्हता. गल्ली नव्हती. आभारांशी आल्यावर त्यांनी वही मिटली.

"नाही," ते म्हणाले. "इथे मी चुकलो."

"नाही तरी तो फळा वाचतं कोण?" नर्सताई ताण कमी करायला म्हणाल्या. "धूळ आणि पाली."

"एक गृहस्थ वाचतात हो, तपकिरी टोपीवाले," बाई म्हणाल्या. "अगदी नेमाने. परवा थांबून म्हणाले, अक्षर मोत्यासारखं आहे तुमचं. बाहेरच्या माणसाला कदर आहे, घरच्यांना नाही."

"वेळ संपला," अध्यक्ष म्हणाले.

वकिलांनी टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून दीड मिनिट आहे."

"ते मतदानाला लागेल."

तीन हात वर गेले. नर्सताईंचा अर्ध्यावर थांबला, मग तोही गेला.

वकिलांनी खिशातून कार्यालयाची किल्ली काढून ठेवली. एकोणीस वर्षं वापरून तिचे दात झिजले होते. दारात ते वळले. "मला काढलंत, ठीक आहे. पण त्याला आजच हलवा. आणि कुठे ते मला सांगू नका."

"सांगतंय कोण?" बाई म्हणाल्या.

दार लागलं.

"माझ्याकडे ठेवते," नर्सताई म्हणाल्या. "आईला सांगेन, भाचा आलाय. तिला दिसत नाही नीट, विचारणार नाही ती काही. चारच तर दिवस."

"आता आपल्यातलं आपल्यात राहील," प्राध्यापक प्रथमच बोलले.

सगळे गेल्यावर बाई लिहायला बसल्या. राग अक्षरात उतरू नये म्हणून एक कागद फाडून त्यांनी दुसरा घेतला. हजर सभासद. नववं कलम. आरोप, खुलासा, मतदान. सगळं जसं झालं तसं, नेहमीच्या क्रमाने, पार शेवटपर्यंत. मग त्यांनी कागद दोनदा तपासला. पत्ता नव्हता. गल्ली नव्हती. रखवालदाराचं नाव नव्हतं.

टाचण्यांची डबी घेऊन त्या बाहेर आल्या. अजून ऊन होतं. तपकिरी टोपीवाले गृहस्थ पायरीशी उभेच होते.

"आज उशीर झाला का बाई?"

"जरा मोठी सभा होती," त्या म्हणाल्या. आज दिवसभरात कुणी त्यांच्याशी इतकं सौम्यपणे बोललं नव्हतं. त्यांनी चारही कोपरे टाचले, काच सरकवली, कुलूप घातलं आणि त्यांना नमस्कार करून त्या घराकडे निघाल्या.

त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत गृहस्थ थांबले. मग खिशातून छोटी वही आणि पेन्सिल काढून ते वाकले. ठराव सोडून नेहमीप्रमाणे थेट शेवटच्या ओळीवर गेले आणि ती उतरवून घेऊ लागले: 'साक्षीदाराची सोय स्वतःच्या घरी करण्याची तयारी दाखवल्याबद्दल ही सभा नर्सताईंचे मनःपूर्वक आभार मानते.'