खाष्ट सासूचे संवाद

मालिका लिहिणाऱ्या सुनेने सूड उगवायचं ठरवलं, तोही चारचौघांत. मालिकेतल्या खाष्ट सासूच्या तोंडी तिने आपल्या सासूबाईंची वाक्यं जशीच्या तशी घातली, कपाळावरच्या आठ्यांसकट. स्वतःला पडद्यावर बघून तरी बाई खजील होतील, ही तिची भाबडी आशा.

सासूबाई एकही भाग चुकवायच्या नाहीत. पण खजील होणं राहिलं बाजूला, त्या डोळे पुसायच्या. "बिचारी! घरासाठी एवढी राबते, आणि त्या सटवीला तिची काडीची किंमत नाही!"

सून इरेला पेटली. डोकं खाजवून खाजवून तिने एक असा जहरी टोमणा रचला, जो तिच्या सासूबाईंनाही सात जन्मांत सुचला नसता. तो ऐकून तरी लोक त्या म्हातारीला शिव्या घालतील!

भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, पाणी तेवढं छान उकळतेस हो तू."

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. तिचंच वाक्य होतं ते.

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "इतकी वर्षं मनात होतं गं, शब्दच सापडत नव्हते. आता भाजीचंही बघ काहीतरी."