भुऱ्याचे थांबे

"भुऱ्याला हल्ली दम लागतो, म्हणून टेकडीवरून यायला उशीर होतो," असं मी घरी सांगत आलो होतो. आज माझा पाय मुरगळला आणि लेक कुत्र्याला फिरवायला घेऊन गेली. मला बसवेना. लंगडत फाटकापर्यंत जायचो, रस्ता बघायचो, परत यायचो.

ती आली ती कंबरेवर हात ठेवूनच.

"बाबा, हा कसला दमतोय! मलाच ओढत नेलं. पण पळसाखाली जाऊन बसला, उठेचना. मग टाकीपाशी, मग देवळाच्या पायरीवर. दरवेळी शेजारी जागा ठेवून."

चहाडखोर! झालं, आता टेकडी बंद.

"आधी डॉक्टर. पायासाठीच नाही, दमासाठीही," लेक म्हणाली. पट्टा खुंटीला न अडकवता तिनं माझ्या हातात दिला. "मग तिघं जाऊ. कुठे बसायचं ते त्याला पाठ आहे."