आडवा काप

पट्टे सैल पडले की कातडीकाम करणारा बाप मुलीच्या शिवणीला नावं ठेवायचा. शेवटी ती घराबाहेर पडली आणि गोदामात खोकी भरू लागली.

दोन वर्षांनी शेजारचा सुतार रंधा मारताना त्याला म्हणाला, “आधी आतल्या धाग्याची रेषा बघायची. तिच्या विरुद्ध गेलं की लाकूड डूख धरतं.”

बाप चपापला. कातडं तो जन्मभर आडवंच कापत आला होता. त्याने जनावराच्या कण्याच्या दिशेने एक पट्टा कापून ओढला, तर तो तसूभरही ताणला नाही.

तो तडक गोदामात गेला. “पोरी, शिवण चांगलीच होती गं तुझी. कापायला मीच चुकत होतो.”

“माहीत होतं मला, बाबा.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. त्याच दिवशी तुम्ही मला बाहेर काढलंत.”

बापाला ते आठवतही नव्हतं.