वहिदाचं कात्रण

वहिदाचं कात्रण सिद्धम्मानं तिसऱ्यांदा वाचलं आणि तिसऱ्यांदा तिच्या पोटात दुखलं.

‘चाकूरच्या गौरवर्णी वहिदाने लांबसडक वेणी, बोलके डोळे आणि लाजरे हास्य यांनी प्रेक्षकांची मने जिंकली. मैदानात जणू चाफा फुलला होता.’ अशा अकरा ओळी. वर फोटो, तोही दोन कॉलमी.

चाकूर-अहमदपूर सामन्याच्या त्याच बातमीच्या शेपटीला सिद्धम्मा होती. ‘मुलासारख्या दणकट बांध्याच्या सिद्धम्माने अहमदपूरकडून २ मिनिटे ४० सेकंद पळती करून चार गडी बाद केले.’ त्यातलं बांध्याचं तेवढं तिच्या आईनं, कमलम्मानं, कात्रीनं उडवलं होतं. “हे वाचून कोण करून घेईल हिला?” असं म्हणत. त्यामुळे सिद्धम्माचं कात्रण थेट नावापासून सुरू व्हायचं आणि बसच्या तिकिटाएवढंच दिसायचं.

दोघी लातुरात निवड समितीच्या दाराबाहेर एकाच बाकावर बसल्या होत्या. जिल्हा नवा होऊन दुसरं वर्ष होतं, आणि मुलींचा खो-खोचा स्वतःचा संघ पहिल्यांदाच निघणार होता. अकरा नावं भिंतीवर लागली होती. बाराव्या जागेला या दोघी उरल्या होत्या. खरं तर मैदानावर खेळवूनच निवड व्हायची. पण माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथं मैदानावर शिंपडायला टँकर कोण देणार? त्या भाजलेल्या जमिनीवर एका डावात गुडघे सोलले असते. तालुक्याच्या सामन्यांचे गुणतक्ते पाहावेत, तर ते कुणीतरी सवयीनं जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर पाठवून दिले होते आणि ते अजून परत येत होते. शेवटी पत्र आलं, प्रमाणपत्रं, कात्रणं, जे असेल ते घेऊन या.

“लई मोठं आलंय तुझं,” कात्रण परत देत सिद्धम्मा म्हणाली.

“मोठं हाय,” वहिदा म्हणाली. “पण माझा खेळ कुठंय त्यात?”

ज्यांचा फोटो छापून येतो त्यांनाच असं बोलायला परवडतं, सिद्धम्माला वाटलं. तिला त्या पोरीचा राग होता आणि तो तिनं कधी लपवलाही नव्हता. वहिदानं बुटाची नाडी बांधली तरी पोरं शिट्ट्या मारायची. सिद्धम्मानं खांबावर सूर मारून गडी टिपला, तर मागून कुणीतरी ‘पैलवान’ म्हणायचं. आता आत सर लोक तो फोटो बघतील आणि आपला निकाल लागेल, हे ती अहमदपूरपासून स्वतःला सांगत आली होती. नुसत्या रूपावर जागा मिळणं हा खेळावर अन्याय आहे, असंही तिनं ठरवून टाकलं होतं. अन्याय म्हटलं की जळफळाट जरा बरा दिसतो.

दोघींना एकदमच आत बोलावलं. मध्ये ईश्वरप्पा सर होते, खो-खोत केस पिकलेले, आणि शेजारी समितीचे दुसरे सदस्य. सरांनी सिद्धम्माचं चिटोरं वाचलं आणि आकडे कागदावर उतरवून घेतले. मग वहिदाचं घेतलं. अकरा ओळी वाचल्या. कात्रण उलटून मागंही पाहिलं. मागं बियाण्याची अर्धी जाहिरात होती.

“पोरी, तू किती वेळ पळालीस ते कुठंय?”

“लिहिलंच न्हाई, सर. पाच मिनिटं वीस सेकंद पळाले मी.”

दुसरे सदस्य हसले. “पाच मिनिटं? एवढं पळाली असतीस तर पेपरात आलं नसतं का?”

“पंचांनी मोठ्यानं सांगितलं होतं. सगळ्या मैदानानं ऐकलं.”

“मैदान काही इथं साक्षीला येत नाही,” ईश्वरप्पा सर म्हणाले. ते रागानं नव्हे, नाइलाजानं म्हणाले.

“पण पोरगी नीटस आहे,” दुसरे सदस्य म्हणाले. “संचलनात जिल्ह्याचा फलक धरायला नेऊ. नव्या जिल्ह्याला तेवढीच शोभा.”

“फलक धरायला न्हाई आले मी, सर. खेळायला आले.” वहिदा म्हणाली.

सिद्धम्माला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. ज्या रूपावर ती दोन महिने जळत होती, त्याच रूपानं वहिदाला आडवं केलं होतं. तरी एक कुसळ टोचलंच. फलक धरायला का होईना, आपल्याला कधी कुणी बोलावणार नाही. असा हा मत्सर, जिंकल्यावरही पाठ सोडत नव्हता.

सरांची पेन्सिल बाराव्या ओळीवर टेकली. “सिद्धम्मा, पूर्ण नाव सांग.”

वहिदानं कात्रणाची घडी घातली. तिनं सिद्धम्माकडे पाहिलंसुद्धा नाही. सिद्धम्माकडून तिची काही अपेक्षाच नव्हती, आणि तेच सिद्धम्माला फार लागलं. बाराव्या नावाला एस.टी.चा पास होता, गणवेश होता, नागपूरचे सामने होते. तिनं वडिलांचं नाव सांगायला तोंड उघडलं.

“पाच मिनिटं वीस सेकंदच पळाली ती, सर.”

सरांनी पेन्सिल उचलली. “तुला कसं ठाऊक?”

“तिच्यामागं मीच होते. हाताला लागली न्हाई.”