उजवीकडं बघा

पाण्याच्या टँकरची वाट बघणं आणि नव्या जिल्ह्याच्या गप्पा उदगीरलाच सोडून रुद्राणी नवरा गुरुलिंगसोबत अंदमानला आली होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मल्लम्मा, घरी एकट्या होत्या. शेजारीण तेवढी दोन्ही वेळा डोकावत होती.

अर्ध्या दिवसाच्या सहलीत गाइडनं बाराजणांना एका बेटावर उतरवलं. सकाळपासून तो हिंदीतच बोलत होता. पहिल्या खडकापाशी मात्र त्यानं रुद्राणीकडं रोखून पाहिलं आणि चक्क उदगीरच्या बोलीत म्हणाला, "उजवीकडं बघा. म्हातारी पाणी मागायलीय. तांब्या रिकामा हाय."

उजवीकडं नुसता समुद्र होता. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले.

"अहो, ऐकलं का, काय म्हणला त्यो?"

"हाव. खडक कासवावानी दिसतो म्हणं," गुरुलिंग म्हणाला.

नारळीच्या बनात गाइड पुन्हा थांबला. "आता म्हातारी उठली. भिंत धरून दाराकडं निघाली. बाहेर कुणीतरी हाय."

बाकीचे प्रवासी एकदम वळले आणि चोर सापडल्यासारखं रुद्राणीकडं बघू लागले. त्यांत गुरुलिंगही होता.

तिनं घरी फोन लावला. सासूबाईंनी लगेच उचलला.

"आत्याबाई, दार उघडू नका!"

"उघडलं की," म्हातारी म्हणाली. तिला धाप लागली होती. "कोण बोलतंय?"

"मी रुद्राणी!"

मग म्हातारीच्या मागून, अगदी जवळून, रुद्राणीचाच आवाज आला, "कुणाचा फोन हाय, आत्याबाई? ठेवा तो."