गाढवाच्या विजयास हरकत

गाढव एकशे बारा मतांनी निवडून आलं. पण ही बातमी अजून कोणालाच कळलेली नाही, तुम्हालाही नाही, असं धरून चालू.

रविवारची दुपार. मतदान संपायला एक तास बाकी. पुढच्या खोलीत, उघडून ठेवलेल्या शिलाई मशीनशेजारी बसून मुलगी गाढवासाठी जिवाचं रान करत होती. बोटांना मशीनचं तेल लागलं होतं, म्हणून टायपिंग चाललं होतं फक्त करंगळीने.

गेम प्राणिसंग्रहालय बांधायचा होता. पिंजरे उभारायचे, तळी खणायची, लोक कंटाळले की आइस्क्रीमची गाडी लावायची. नवा प्राणी कोणता घ्यावा, असं कंपनीने खेळाडूंनाच विचारलं होतं. तीन आठवडे हाणामारी झाली. हिमबिबट्या पडला, पाणमांजर पडलं. उरले दोघे. गाढव आणि मुंगीखाऊ.

मुंगीखाऊचा किल्ला ‘पाणघोडा ५९’ नावाचा कोणीतरी लढवत होता. तिने त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. गेम खेळणारे लाखो असतील, पण प्रत्येक प्रतिक्रियेच्या डोक्यावर जावक क्रमांक टाकणारा माणूस एकच. तो मागच्या खोलीत बसला होता आणि तिचा बाप होता.

बाबा चौदा महिने तिच्याशी बोलले नव्हते. ज्या ऑफिसातून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तिथलीच कायमची नोकरी सोडून तिने शिलाई मशिनी दुरुस्त करायला घेतल्या होत्या. जेवायला चला, पंखा बंद करा, गॅसवाला आलाय, सगळे निरोप आईमार्फत. “मी म्हणजे या घरातलं पोस्टखातं,” आई म्हणायची. “तेही बिनपगारी.”

गेममधल्या चर्चेत मात्र बाबांना कंठ फुटला होता.

‘जा. क्र. २४१. मुंगीखाऊ हा शांत प्राणी आहे. त्यास दात नाहीत, त्यामुळे तक्रारही नाही.’

‘तुमच्या मुंगीखाऊने जन्मात एक पिशवी तरी उचललीये का?’ तिने लिहिलं.

‘जा. क्र. २४२. कायमचे कुरण सोडून जाणाऱ्या प्राण्यास काय म्हणतात, हे सांगणे न लगे.’

‘कुरण कायमचं होतं. गवत प्लॅस्टिकचं होतं.’

तेवढ्यात तिला शिंक आली. चांगली दणदणीत. दोन मिनिटांत उत्तर हजर.

‘जा. क्र. २४३. मुद्दा फेटाळण्यात येत आहे. ता. क. सर्दी असल्यास संबंधितांनी वाफ घ्यावी.’

चर्चा वाचणारे दोन हजार खेळाडू बुचकळ्यात पडले. एकाने विचारलं, वाफ नक्की कोणत्या प्राण्याने घ्यायची?

तिने नाक पुसलं आणि ओठ घट्ट मिटले. आज माघार नाही म्हणजे नाही. करंगळीने, एकेक अक्षर ठोकत तिने लिहिलं, ‘गाढवाला स्वतःचं काम आवडतं का, हे त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. निदान इथे तरी विचारा.’

मतांची रीघ लागली. चार वाजले. आणि आपल्याला माहीत नसलेली ती गोष्ट घडली.

पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला. ती मूठ उंचावून उभी राहिली. मग खाली एक ओळ उमटली: ‘निकाल जाहीर. चर्चा बंद.’ लिहायची चौकट नाहीशी झाली.

मागच्या खोलीत खुर्ची करकरली. त्यानंतर काही नाही.

“कोण आलं गं निवडून?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“गाढव.”

“घरात दोन असताना तिसरं?” आई म्हणाली. “ह्यांना कळवू का?”

“त्यांना कळलंय.”

ती चौकट होती त्या जागेकडे बघत राहिली. जा. क्र. २४४ आता येणार नव्हता. उद्यापासून पुन्हा पंखा आणि गॅसवाला.

तिने हात फडक्याला पुसले आणि कोरा कागद ओढला. जिंकलेल्याने स्वतःच्या विजयाला हरकत कशी घ्यायची, हे ऑफिसात कोणी शिकवलं नव्हतं. तीन कागद फुकट गेले. चौथा घेऊन ती उठली आणि कोणाच्या हाती न धाडता स्वतःच मागच्या खोलीत शिरली.

बाबांनी कागद घेतला. चष्मा लावला. पूर्ण वाचला. मागची कोरी बाजूही वाचली. मग खिशातलं लाल पेन काढलं.

“राजीनामाही असाच खरडला होतास,” ते म्हणाले. “मला एकदा दाखवायचा होतास. मी अडवला नसता. नीट करून दिला असता.”

ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. “मग हा नीट करून द्या. आजच पाठवायचाय.”

“ते मान्य करणार नाहीत.”

“नको करू देत.”

पुढचा पाऊण तास दोघं प्रत्येक ओळीवर कडाकडा भांडले. आई दारापर्यंत आली, काही निरोप आहे का बघितलं, आणि रिकाम्या हाताने परत गेली. पाच वाजता अर्ज कंपनीकडे रवाना झाला. त्याचा शेवटचा परिच्छेद, सर्व दुरुस्त्यांसह, असा:

‘सबब, सदर निकाल तात्काळ रद्द करण्यात यावा आणि ही चर्चा, कोणत्याही निर्णयाप्रत न येता, उभय अर्जदार हयात असेपर्यंत चालू ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.’